सामना संपल्यावरचे नाव

१९३८ सालच्या फेब्रुवारीत, १२ आणि १३ तारखेला, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित वर्गीय कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मनमाड तेव्हाही रेल्वेचेच गाव होते. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग, दौंडकडे वळणारा फाटा आणि निजामाच्या मुलखात औरंगाबादकडे जाणारी मीटरगेज असे तीन लोहमार्ग इथे एकत्र येत, आणि त्या रुळांवर राबणाऱ्यांमध्ये अस्पृश्य समाजातील माणसे मोठ्या संख्येने होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध विधान याच परिषदेतले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असा अर्थ आपल्याला अभिप्रेत नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही आणि ती सर्वच वर्गांत भिनलेली आहे, हा खुलासाही त्यांनी तिथेच केला.

या भाषणातला एक तपशील मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. रेल्वेत अस्पृश्य कामगाराला गँगमन म्हणून घेतात, पण पोर्टर म्हणून घेत नाहीत, असे बाबासाहेबांनी सांगितले. कारण असे, की स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करवून घेतो आणि त्याच्या घरात अस्पृश्याचा हात चालत नाही. म्हणजे कागदावर सगळे 'रेल्वे कामगार'. पण ते नाव स्टेशनमास्तरच्या उंबरठ्यापर्यंतच टिकत होते. तिथून पुढे जुने नाव सुरू व्हायचे.

या परिषदेच्या बरोबर तीन आठवडे आधी, २२ जानेवारीला, मुंबई विधानसभेत एका नावावरूनच खटका उडाला होता. स्थानिक स्वराज्य संस्थांसंबंधीच्या दुरुस्ती विधेयकात काँग्रेस सरकारने अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नाशिकचे आमदार भाऊराव गायकवाड यांनी, पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना दादासाहेब म्हणून ओळखू लागला त्यांनी, त्याला हरकत घेतली. अस्पृश्य जर देवाची माणसे, तर बाकीचे काय राक्षसाची आहेत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. सगळ्यांनाच हरिजन म्हणणार असाल तर आमची ना नाही, असेही ते म्हणाले. सरकारपक्षाचे म्हणणे होते की हे नाव गौरवाचे आहे, सद्हेतूने दिलेले आहे. शब्द वगळण्याची सूचना बहुमताने फेटाळली गेली आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले.

एखादे नाव अपमानकारक आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? देणाऱ्याने, वापरणाऱ्याने, की ज्याला त्या नावाने हाक मारली जाते त्याने? त्याच दशकात हा प्रश्न मुंबई इलाख्यात आणखी एका ठिकाणी, अगदी अनपेक्षित जागी, विचारला जात होता. ती जागा म्हणजे क्रिकेटचे मैदान.

पाच नावे

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांची कथा अनेकांनी सांगितली आहे. इथे तिच्याकडे केवळ नावांच्या अंगाने पाहायचे आहे. सुरुवातीला सामने युरोपियन आणि पारशी यांच्यात होत. १९०७ मध्ये त्यात हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले, ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'द रेस्ट', म्हणजे 'इतर', हा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती कायमची थांबली.

ही पाच नावे एका जातकुळीची नाहीत. तीन नावे धर्माची, एक खंडाचे आणि एक उरलेल्यांचे. 'युरोपियन' संघाला कोणी 'ख्रिस्ती' म्हटले नाही, कारण तसे म्हटले असते तर वसईचा किंवा गोव्याचा ख्रिस्ती खेळाडूही त्यात जागा मागू शकला असता. तेव्हा धर्माचे नाव जिथे सोयीचे तिथे धर्माचे, जिथे गैरसोयीचे तिथे वंशाचे, असा हा मामला होता. संघ निवडण्याचे काम त्या त्या समाजाच्या जिमखान्याकडे असे, आणि जिमखान्याचा सभासद कोण होऊ शकतो यावर संघाच्या नावाचा अर्थ ठरे.

दुसरी गोष्ट अशी, की इथे संघाचे आणि पाठीराख्यांचे नाव एकच होते. १९३४ साली सुरू झालेल्या रणजी स्पर्धेत 'महाराष्ट्र' संघाला टाळ्या वाजवायला कोणत्याही धर्माचा माणूस मोकळा होता. पंचरंगीत मात्र तिकीट काढून आत शिरणारा माणूस आपोआप कोणत्यातरी नावाचा होई. १९३७ साली नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर सामने भरले तेव्हा कोणत्या जिमखान्याला किती खुर्च्या यावरून वाद पेटला. आपल्या पाठीराख्यांची संख्या मोठी, म्हणून आपल्याला अधिक जागा हव्यात, असे हिंदू जिमखान्याचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही आणि त्या वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धेत उतरलाच नाही. नावाला असा खुर्च्यांचा हिशेबही चिकटलेला होता.

चहापर्यंतचे हिंदू

'हिंदू' या संघनावाची खरी परीक्षा घेतली ती पालवणकर बाळू यांनी. चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाच्या निगराणीचे काम करत. तिथे कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला सरावासाठी ते गोलंदाजी टाकत आणि त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना इंग्रजांना हरवायचे होते. बाळूंशिवाय ते जमणार नव्हते. त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे तंबूत जात आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे.

पुढे ते मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा सर्वांत मोठा होता आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळवले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊ उत्तम खेळाडू. तरीही हिंदूंचे कर्णधारपद या घराला मिळेना. १९२० साली बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांच्या दाव्याचा विचार झाला नाही, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. मोठी चर्चा झाली, तडजोड झाली, बाळू उपकर्णधार म्हणून परतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले. ही सारी वाटचाल विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

या भावंडांनी 'हिंदू' हे नाव कधी नाकारले नाही, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. उलट त्यांचा आग्रह होता की हे नाव आम्हाला पूर्ण लागू करा. चेंडू टाकताना हिंदू आणि चहा पिताना कोणी दुसरे, असे करू नका. बाळूंची राजकीय वाटही याच आग्रहातून गेली. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते, करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले आणि ते सुमारे दोन हजार मतांनी हरले. एकाने 'हिंदू' या नावात शिरण्यासाठी आयुष्य वेचले, दुसऱ्याने १९३५ साली येवल्यात, मनमाडपासून काही कोसांवर, त्या नावात मरणार नाही अशी घोषणा केली होती. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती: मैदानावर, सभेत किंवा विधेयकात दिलेले नाव घरापर्यंत टिकते की नाही, यावरच त्याची किंमत ठरते.

उरलेल्यांचे नाव

'इतर' या नावाबद्दल त्या काळी फारशी तक्रार झाली नाही. पाचही नावांत ते सर्वांत निरुपद्रवी वाटते. पण जरा थांबून पाहिले तर हे नाव वजाबाकीतून आलेले आहे. हिंदी ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशांना मिळून एक संघ, आणि त्यांचे नाव त्यांच्यात काय आहे यावरून पडलेले नाही. ते कोण नाहीत, एवढेच ते सांगते.

सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ते 'इतर'. १९४३ च्या हंगामातील अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'इतर' पहिल्या डावात १३३ धावांत आटोपले आणि त्यांच्यावर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. एका टोकाला त्यांचे बंधू विवेक तग धरून राहिले आणि दोघांनी ३०० धावांची भागी केली, त्यात विवेक यांचा वाटा २१ होता. 'इतर' सामना हरले. पण पुढे स्वतंत्र भारताचे नेतृत्व करणारा आणि देशाला पहिला कसोटी विजय मिळवून देणारा कर्णधार त्या दिवशी 'उरलेल्यां'मध्ये मोजला जात होता. नाव देणाऱ्याच्या मनात अपमानाचा हेतू नव्हता, हे खरेच. पण नाव देताना आपण कोणाकडे पाहिलेच नाही, हेही तितकेच खरे.

बंद करा, चालू ठेवा

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींचा सल्ला घ्यायला वर्ध्याला गेले. देशातील पुढारी तुरुंगात असताना सामने भरवावेत का, असा प्रश्न होता. सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांकडे आपला कल असल्याचे गांधीजींनी सांगितलेच. शिवाय मुंबईकरांनी जातीय सामने आपल्या क्रीडासंहितेतून पुसून टाकावेत, अशी अपेक्षाही व्यक्त केली. महाविद्यालयांतले आणि संस्थांमधले सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुसलमान अशा नावांनी सामने का व्हावेत, हे आपल्याला उमगलेले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने आधीपासूनच या स्पर्धेविरुद्ध मोहीम चालवली होती.

विरुद्ध बाजूही पोकळ नव्हती. विजय मर्चंट यांच्यासारख्यांचे म्हणणे होते की या स्पर्धेने खेळाचा दर्जा वाढवला आणि खेळाडूंमध्ये वैर निर्माण केले नाही. त्याला पुरावाही होता. १९४४ च्या हंगामात मुसलमानांनी हिंदूंना अंतिम सामन्यात एका गड्याने हरवले. २९८ धावांचा पाठलाग होता आणि के. सी. इब्राहिम १३७ धावा काढून शेवटपर्यंत नाबाद राहिले. सामना संपताच हरलेल्या संघाचे मर्चंट प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत अभिनंदनाला गेले. देशात फाळणीचे वारे सुटलेले असताना ब्रेबोर्नवरचा तो दिवस सुरळीत पार पडला.

मग चूक कोणाची? माझ्या मते दोन्ही बाजू नावाच्या एकेकाच अंगाकडे पाहत होत्या. विरोधकांना ते नाव वर्तमानपत्राच्या मथळ्यात दिसत होते आणि 'हिंदूंनी मुसलमानांना चिरडले' अशा वाक्यातून क्रिकेट निघून गेले की काय उरते, याची त्यांना भीती होती. समर्थकांना ते खेळाडूंच्या खोलीत दिसत होते आणि तिथे स्नेह होता. पण हे नाव खोलीबाहेर, गॅलरीतून उतरून, चाळीत आणि मोहल्ल्यात नेणारा प्रेक्षक कोणाच्याच युक्तिवादात नीटसा नव्हता. मर्चंट आणि इब्राहिम यांना सामना संपल्यावर 'मुंबईचे खेळाडू' हे दुसरे नाव उपलब्ध होते. १९४६-४७ च्या दंगलीत सापडलेल्या साध्या प्रेक्षकाला ते नव्हते.

आणि गांधीजींच्या सल्ल्यातली विसंगतीही नोंदवली पाहिजे. समाजाच्या नावाने संघ नको, असे म्हणणाऱ्या गांधीजींनीच एका समाजाला नवे नाव दिले होते. तो शब्द आपल्याला एका अस्पृश्य बांधवानेच सुचवला आणि नरसी मेहतांच्या भजनात तो आहे, असे ते सांगत. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आधीचे शब्द नक्कीच अधिक जिव्हारी लागणारे होते. पण एका बांधवाने सुचवलेला शब्द साऱ्या समाजावर कायद्याने चढवायचा, आणि त्या समाजाचे निवडून आलेले प्रतिनिधी 'नको' म्हणत असताना बहुमताने चढवायचा, इथे हेतू पुरा पडत नाही.

लंडनचे पाठीराखे

हा वाद आपल्याकडचा आणि जुना म्हणून सोडून देता येत नाही. लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबाचे पाठीराखे स्वतःला 'यिड आर्मी' म्हणवतात. 'यिड' हा ज्यूंसाठीचा शब्द. यिडिश भाषेत तो साधा, आपुलकीचा. पण १९३० च्या दशकात मोस्लेचे फॅसिस्ट लंडनच्या रस्त्यांवर तोच शब्द शिवीसारखा ओरडत मोर्चे काढत. टॉटनहॅमला ज्यू पाठीराखे बरेच, म्हणून विरोधी क्लबांचे प्रेक्षक त्यांना या शब्दाने चिडवत, इतकेच काय, विषारी वायूच्या कोठड्यांची आठवण करून देणारा फुसफुस आवाज काढत. टॉटनहॅमच्या लोकांनी मग तोच शब्द उचलून स्वतःच्या झेंड्यावर घेतला: तुमची शिवी, आमचे बिरुद.

२०१३ साली फुटबॉल संघटनेने या शब्दाविरुद्ध ताकीद दिली आणि तीन पाठीराख्यांना अटक झाली. पंतप्रधान कॅमेरॉन म्हणाले, स्वतःला असे म्हणवणाऱ्यांवर खटला होऊ नये. द्वेषाने म्हणणाऱ्यांवर व्हावा. २०१४ मध्ये खटले मागे घेतले गेले. २०१९ मध्ये क्लबाने पाठीराख्यांचे मत मागवले, २३,००० हून अधिक उत्तरे आली. जवळजवळ निम्म्या लोकांना हा शब्द थांबावा किंवा कमी व्हावा असे वाटत होते. २०२२ मध्ये क्लबाने या शब्दापासून पुढे जाण्याचे आवाहन केले.

इथे पेच असा, की ज्यू पाठीराखेही दोन्ही बाजूंना आहेत. कोणी म्हणतो, या शब्दाने मला मैदानात एकटे वाटले नाही. कोणी म्हणतो, हजारोंच्या तोंडून तो ऐकताना आजोबांच्या आठवणी अंगावर येतात. पण घोषणा देणाऱ्यांपैकी बहुसंख्य ज्यू नाहीत. सामना संपला की ते गळपट्टा घडी करून ठेवतात आणि तो शब्दही त्यासोबत कपाटात जातो. ज्यू माणसाला तो कपाटात ठेवता येत नाही. त्यांनी चांगल्या मनाने, मित्राच्या बाजूने उभे राहून ते नाव घेतले, हे मान्य. तरीही ते उसने नाव आहे, आणि उसनी वस्तू मालकाने परत मागितली तर हेतू चांगला होता म्हणून ती ठेवून घेता येत नाही.

पुन्हा मनमाड

मग अपमानाचा संशय असलेला प्रत्येक शब्द काढून टाकावा काय? तसेही नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील एका याचिकेनंतर केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना 'दलित' हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' वापरण्याची सूचना केली. अनेक दलित कार्यकर्ते आणि लेखकांनीच तिला विरोध केला. शब्द वरवर पाहता गौरवाचा नाही. दळला गेलेला, चिरडला गेलेला, असाच त्याचा अर्थ. पण १९७२ मध्ये पँथरच्या तरुणांनी तो स्वतः निवडून मिरवला होता, साहित्याच्या एका प्रवाहाने तो कपाळावर घेतला होता. 'हरिजन' अर्थाने गोड असून नाकारला गेला आणि 'दलित' अर्थाने कडू असून स्वीकारला गेला. शब्दकोश दोन्ही वेळा कामाला आला नाही.

मनमाडच्या परिषदेचे नावच पाहा. विधानसभेत 'हरिजन' नाकारून आलेले बाबासाहेब तीन आठवड्यांनी 'दलित वर्गीय कामगार' या नावाच्या मंडपात बसले. कामगारांत जातीचे नाव घेऊन वेगळी परिषद का, तुम्ही कामगारांची एकी फोडता, अशी टीका त्यांच्यावर झाली होती. पंचरंगी सामन्यांवरची टीकाही शब्दशः अशीच होती. फरक असा, की हिंदू किंवा मुसलमान संघाचे नाव खेळाडूला मैदानावर काही देत होते आणि मैदानाबाहेर त्याचा हिशेब कोणी विचारत नव्हते. मनमाडच्या मंडपातल्या नावाने मात्र हिशेबच मागितला: पोर्टरची जागा का नाही, कारखान्यात मेकॅनिक आणि फोरमनच्या जागा आमच्यासाठी बंद का? ज्यांनी ते नाव घेतले होते तेच ते नाव घेऊन रात्री रेल्वेच्या चाळीत, गावकुसाबाहेर परतणार होते. ते नाव त्यांच्याच घरचे होते आणि ते केव्हा खाली ठेवायचे, हेही त्यांनीच ठरवायचे होते.

बाळूंच्या मातीच्या भांड्यातल्या चहाला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. संघांची नावे बदलली, शहरांची झाली, आता तर मालकांच्या आवडीची झाली आहेत. गॅलरीतून मात्र रोज नवे नाव ओरडले जाते. कधी रंगावरून, कधी प्रांतावरून, कधी धर्मावरून. त्यातले एखादे ऐकून शेजारी बसलेला माणूस गप्प झाला, तर तो शब्द चांगला की वाईट यावर वाद घालण्याआधी त्याला विचारावे. त्याचे उत्तर आपल्याला गैरसोयीचे असू शकेल. २२ जानेवारी १९३८ ला नाशिकच्या आमदाराने दिलेले उत्तरही सरकारला गैरसोयीचेच होते.